अशोकाचा होकार

"डावा पाय," घैसास सर म्हणाले. "उजवा चालत नाही."

मी खाली माझ्या पायांकडे पाहिलं. मला बघायला आलेल्या मंडळींनी आजवर माझे केस पाहिले होते, अक्षर पाहिलं होतं, चष्मा काढायला लावून डोळे पाहिले होते. एका घरी तर मला सुईत दोरा ओवायला लावला होता. पण पायांमध्ये डावं-उजवं आजवर कुणी केलं नव्हतं.

"आत्ता नाही मारायची," सर घाईनं म्हणाले. "जेवणं झाल्यावर. आत्ता नुसतं झाड दाखवून ठेवतोय."

झाड सीताअशोकाचं होतं. भोरच्या पुढे नीरेच्या काठी सरांची बाग होती आणि बागेच्या मधोमध हे झाड. सर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. जुन्या काव्यांत असं लिहिलेलं आहे की तरुण स्त्रीनं पैंजण घालून डाव्या पायानं हलकीशी लाथ मारली की अशोक फुलतो. लिहिणाऱ्यांनी ते गमतीनं लिहिलं असणार. सरांनी ते निवृत्त होईपर्यंत परीक्षेपुरतं शिकवलं आणि घरी मात्र खरं मानलं.

"आम्ही पत्रिका बघत नाही," ते माझ्या वडिलांना अभिमानानं सांगत होते. "हुंडा नाही, मानपान नाही, मुलीला गायला लावणं नाही. आपण विज्ञानयुगात आहोत, खांबेटे."

"वा," नाना म्हणाले.

"मुलीनं झाडाला पाय लावायचा. पाडव्यापर्यंत झाड फुललं तर आमचा होकार. नाही फुललं तर," सरांनी हात जोडले, "राग मानायचा नाही. याआधी तिघीजणी येऊन गेल्या. चांगल्या घरच्या होत्या. पण नाही फुललं."

"छे छे, राग कसला," नाना म्हणाले. त्या घडीला सरांनी वडाला डोक्यानं ढुशी मारायला सांगितली असती, तरी नाना छे छे म्हणाले असते आणि मला टॉवेल आणून दिला असता.

नानांचा तरी काय दोष. गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. मी सत्तावीस वर्षांची होते आणि एका शाळेत चित्रकला शिकवत होते. आमच्या नात्यागोत्यात मला घोडनवरी म्हणायला सुरुवात झाली होती, तीही मागून नव्हे, समोरून. सहा ठिकाणांहून नकार आले होते. त्या सहाही वेळी आई बरोबर होती, तेव्हा या खेपेला अपशकुन नको म्हणून ती घरी राहिली. सहाही वेळी मीसुद्धा बरोबर होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

नकारांचं मला स्वतःपुरतं फारसं काही वाटत नव्हतं. त्या सहांपैकी पाचांना तर मीच तोंडावर नाही म्हटलं असतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. प्रश्न विजूचा होता. विजू माझी धाकटी बहीण. मिरजेच्या परचुऱ्यांच्या मुलाशी तिचं ठरल्यात जमा होतं. मुलगा सरळ होता आणि विजूचा त्याच्यावर जीव होता. परचुरेकाकूंनी अट घातली, आधी थोरलीचं होऊ दे. ही झाली बाहेरची अट. आतली मी दाराआडून ऐकली. "सहा ठिकाणी नाही म्हणतात म्हणजे थोरलीत काहीतरी खोट असणार," असं त्या आईला म्हणत होत्या. "आणि खोट काय एकीपुरतीच असते का? पाडव्यापर्यंत आम्ही थांबतो. नाहीतर सांगलीचं एक स्थळ आहे आमच्याकडे." तेव्हापासून विजू ताटावर गप्प बसायला लागली. मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तर अशी मी वसंत ऋतूत एका झाडासमोर उभी होते. वसंताबद्दल माझं मत तेव्हा बरं नव्हतं. वसंतात झाडं फुलतात आणि मुली दाखवतात. फरक इतकाच की झाडांना चहाचा ट्रे धरावा लागत नाही.

सर पुढे बोलत राहिले, शास्त्राधार वगैरे. मी झाडाकडे बघत बसले. अशोकाची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट जुन्या लाकडावर, बुंध्यावरसुद्धा येतात. तिथे जागोजागी बारीक हिरवे देठ दिसत होते. देठांच्या टोकाला काही नव्हतं. टोकं ओली होती. मला जरा नवल वाटलं, पण तेवढ्यात घैसासकाकू आल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं चालू द्या. चल, तुला बाग दाखवते."

घैसासकाकू बुटक्या, काळ्यासावळ्या, कमी बोलणाऱ्या. बागेची माती काकूंच्या नखांत होती आणि बागेची माहिती सरांच्या तोंडात. त्यांचा मुलगा श्रीरंग आमच्या मागून चालत होता. ज्याच्यासाठी मी लाथ मारणार होते, तो हाच. पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि रविवारी इथे यायचा. उंच होता, दिसायला बरा होता, आणि आल्यापासून त्यानं "या" एवढाच शब्द उच्चारला होता.

आणि बाग पाहून मात्र माझी बोलती बंद झाली. खरं तेच सांगते, इतका वेळ मी नाक मुरडत होते, ते नाक लिंबाच्या फुलांच्या वासानं सरळ झालं. फाटकाशी पळस होता, अंगावर औषधालाही पान नाही आणि नुसता पेटलेला. बांधावर पांगारा, त्याच्यावर साळुंक्यांची भांडणं चाललेली. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी रक्तकांचन, त्याची जांभळट गुलाबी फुलं वाटेवर पडलेली, काकू त्यांवर पाय न देता चालत होत्या आणि म्हणून मीही. कुंदाचं कुंपण संपत आलं होतं आणि मोगरा नुकता सुरू होत होता. आंब्याच्या मोहोरावर माश्यांचा एकसारखा आवाज होता. मी शाळेत मुलांना रंगांची पेटी उघडून लाल, नारिंगी, जांभळा शिकवत होते. त्या सकाळी कळलं की पेटीत काहीच नसतं.

"हे सगळं तुम्ही लावलंत?" मी विचारलं.

"लावलं मी. फुलली ती आपली आपण," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. "तुम्ही काटेसावर बघून या."

काटेसावर विहिरीच्या पलीकडे होती. तिच्याखाली मी आणि श्रीरंग उभे राहिलो. वरून एक फूल पडलं, थप्प करून, माझ्या चपलेजवळ. केवढं मोठं, लाल, जाड पाकळ्यांचं. मी ते उचललं.

"यात रस असतो," श्रीरंग म्हणाला. मी दचकलेच. "पाखरं पितात. लहानपणी मीही प्यायचो. एकदा मुंगळ्यासकट प्यालो. जीभ सुजली, तर बाबा म्हणाले, आज तुझा उच्चार सुधारलाय."

मी मोठ्यानं हसले. दाखवायला आलेल्या मुलीनं इतकं मोठ्यानं हसायचं नसतं. तोही हसला, आणि हसताना तो अगदी वेगळाच माणूस दिसायचा. मला तो आवडला. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आवडला.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "फुलेल झाड?"

त्याचं हसू मावळलं. "बघू," तो म्हणाला. "बाबा काय म्हणतात ते."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

त्यानं विहिरीत पाहिलं. विहिरीनंही काही सांगितलं नाही. मी फूल कठड्यावर ठेवलं आणि काकूंना मदत करायला आत गेले.

काकू जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. आमच्याकडे कांचनाच्या कळ्यांची भाजी करतात, तीच होती. मी समोर बसले आणि एक मूठ ओढून घेतली. कांचनाच्या कळ्या लांबट, टोकदार, हिरव्या. पण त्यांच्यात दुसऱ्याही होत्या. बारीक, गोलसर, शेंदरी, झुबक्या झुबक्यानं. मी एक झुबका उचलून बघितला. त्याचा देठ ओला होता.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"चित्रकला शिकवतेस नाही का," त्या म्हणाल्या. "रंग लगेच दिसणार तुला."

"काकू, या अशोकाच्या आहेत."

"हो."

"तुम्ही तोडल्यात?"

"पहाटे. हे उठायच्या आधी." त्या कळ्या निवडतच होत्या. "मुलगी यायची ठरली की पाडव्यापर्यंत रोज तोडते. तिन्ही वर्षं हेच केलं. खाल्ल्या तर बाधत नाहीत, चैत्रातल्या अष्टमीला लोक मुद्दाम खातात."

त्या तीन चांगल्या घरच्या मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या. झाडानं नाकारलं म्हणून घरी जाऊन रडल्या असतील, आणि त्यांचा निकाल इकडे फोडणीला पडला होता.

"का पण?"

"यांनी तुला सांगितलं असेल की माझ्या पायानं हे झाड पहिल्यांदा फुललं."

"नाही."

"मग जेवताना सांगतील. मी लाथबीथ काही मारली नव्हती. लग्नाआधी आम्ही इथे आलो होतो. अंगण नुकतं सारवलेलं, मी घसरले आणि पाय जाऊन झाडावर आदळला. पंधरा दिवसांनी झाड फुललं. फुलणारच, फाल्गुन होता. यांनी ते मनावर घेतलं."

"मग तुमचं कौतुक झालं असेल."

"झालं की. आणि ज्या वर्षी कमी फुललं, त्या वर्षी माझं काय चुकलं याची चौकशीही झाली." त्यांनी कळ्या परातीत टाकल्या. "त्याचंही काही नाही. मला श्रीरंगाचा राग येतो. मुलगी गेल्यावर विचारते, कशी वाटली रे? तर म्हणतो, झाड काय म्हणतं बघू. एवढा इंजिनिअर, पण तोंडानं हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. ज्याला बायको झाडानं निवडून द्यायची, त्याच्या गळ्यात कुणाची पोर बांधू मी? तो स्वतःहून बोलेपर्यंत झाडाला बोलू देणार नाही, असं ठरवलं."

"तोडताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पोटच्या पोरासारखं वाढवलंय. म्हणून तर टाकत नाही, भाजीत घालते."

बाहेर ओसरीवर नाना सरांच्या प्रत्येक वाक्याला "वा" म्हणत होते. त्या "वा"मध्ये विजूचं अख्खं लग्न अडकलेलं होतं. मी परात बाजूला सरकवली.

"काकू, उद्यापासून तोडू नका. मला होकार हवाय."

त्यांनी मान वर केली. "श्रीरंग आवडला?"

"होकार हवाय. नवरा नको."

मग मी त्यांना परचुऱ्यांचं सगळं सांगितलं. खोट, सांगली, विजूचं गप्प ताट. एका चांगल्या घरानं हो म्हटलं की खोटेचा प्रश्न मिटतो. पुढचं मी बघून घेईन.

"पुढचं म्हणजे?"

"मी नाही म्हणेन. जो माणूस स्वतःचं मत विहिरीत शोधतो, त्याच्याशी मीही लग्न करणार नाही."

"यांच्या तोंडावर नाही म्हणशील?"

"तोंडावर."

काकू पहिल्यांदा हसल्या. आता कळलं, श्रीरंगाचं हसू कुणाकडून आलं ते. "मग नाही तोडत," त्या म्हणाल्या. "झाडाला नाही म्हणणारं कुणीतरी एकदा यांना भेटूच दे."

जेवताना सरांनी भाजी दोनदा घेतली. "आज कळ्यांना काही निराळीच चव आहे," ते म्हणाले.

"मिरची कमी पडलीय," काकू म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर मला पैंजण देण्यात आले आणि पायाला आळता लावण्यात आला. सर खुर्ची टाकून समोर बसले. नाना हात जोडून उभे होते, मला वाटतं, झाडालाच जोडले होते. श्रीरंग बाजूला उभा राहून आपल्या बुटांकडे बघत होता. मी डावा पाय उचलला. मनात सहा नकार होते, सुईदोरा होता, परचुरेकाकू होत्या, आणि थोडासा श्रीरंगही होता, त्यामुळे लाथ हलकीशी बसली नाही.

"अहो, हळू," सर ओरडले. "फुलवायचंय, पाडायचं नाही."

अंगठा आठवडाभर ठणकला.

पाडव्याला सकाळीच परचुरे पतिपत्नी आमच्या पुण्याच्या घरी हजर झाले. निमित्त सणाचं, काम निकाल ऐकण्याचं. आई श्रीखंड वाढत होती. विजू दाराशी उभी होती. नाना घसा खाकरून काहीतरी सावरासावर करणार, तेवढ्यात घैसास सर आले. मागे श्रीरंग, त्याच्या हातात टोपली. टोपलीत अशोकाचे झुबके, शेंदरी, पिवळे, लाल, एकाच झुबक्यात तिन्ही रंग. खोलीत उजेड पडल्यासारखं झालं.

"फुललं," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. असा बहर मी माझ्या लग्नानंतर पाहिला नाही. खांबेटे, मुलगी आम्हाला पसंत आहे. आम्ही स्वतः मागणी घालायला आलो आहोत."

परचुरेकाकूंची नजर माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत चढली. एका क्षणात माझी सगळी खोट निघून गेली. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि विजूनं तर सरळ माझा हात धरला.

मला सरांची दया आली, हे खरं. म्हातारा माणूस इतका आनंदात होता. पण शब्द दिला होता, आणि तो काकूंना दिला होता.

"सर," मी म्हणाले, "हा होकार झाडाचा झाला. माझा नकार आहे."

नानांनी टेबलाचा आधार घेतला. परचुरेकाकूंच्या चमच्यातलं श्रीखंड चमच्यातच राहिलं.

"नकार?" सर म्हणाले. त्यांना तो शब्द ठाऊक होता, पण तो इकडून तिकडे येतो हे ठाऊक नव्हतं. "पण कारण काय?"

"मी तुमच्या मुलाला पसंत आहे की नाही, हे मला माहीत नाही. तुम्हाला आहे का?"

सर गोंधळले. "पण झाड फुललंय की."

"मला पसंत आहेत," श्रीरंग म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की परचुरेकाका कानामागे हात धरून म्हणाले, "काय म्हणाला?"

श्रीरंगानं टोपली खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. "मला ह्या पसंत आहेत," तो मोठ्यानं म्हणाला. "झाड फुललं नसतं तरी असत्या."

"अरे, मग बोलला का नाहीस?" सर म्हणाले.

"तुम्ही मला विचारलंत कधी, बाबा? नेहमी झाडाला विचारलंत. आणि मलाही बरं वाटायचं. झाडानं नाही म्हटलं की आपल्याला म्हणावं लागत नाही." मग तो माझ्याकडे वळला. या वेळी नजर विहिरीत नव्हती. "आता मीच विचारतो. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. पण मला म्हणा, झाडाला नको."

मी नाही म्हणायची पुरती तयारी करून बसले होते, वाक्य पाठ होतं. ते तोंडातून निघेना. त्याचा मला रागही आला.

"मला विचार करायला वेळ हवा," मी म्हणाले.

"किती?" नानांनी विचारलं. बिचारे रडकुंडीला आले होते.

"लागेल तेवढा."

परचुरेकाकूंनी विजूची तारीख जेवण व्हायच्या आतच पक्की केली. खांबेट्यांच्या मुली नकार द्यायला शिकल्या, आता धाकटीलाही सवय लागायच्या आत उरकलेलं बरं, असा त्यांचा हिशेब असावा. विजू त्या रात्री पोटभर जेवली.

मी विचार करता करता मे महिना उजाडू दिला. दरम्यान दर रविवारी श्रीरंग भोरला न जाता आमच्याकडे येऊन बसायचा आणि बोलायचा. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवणं अवघड होतं, आजही आहे.

पाडव्याच्या त्या संध्याकाळी सर आणि तो बागेत परतले तेव्हा गुढी उतरवायची वेळ झाली होती. सर आत जाऊन पडले. काकू अंगणात होत्या. सासूबाईंनी हे मला नंतर स्वतःच सांगितलं.

"काय म्हणाली मुलगी?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणाली. मग मी विचारलं, तर वेळ हवा म्हणाली."

"तू विचारलंस? चारचौघांत?"

"चारचौघांत."

सासूबाईंनी गुढीची काठी त्याच्या हातात दिली आणि वर त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "चला. एकदाचा मुलगा झाला मला."